पहिले मोबाइल ॲप : दुधाच्या रतिबापासून सुरुवात

ज्यांनी प्रोग्रॅमिंग कधी केलेले नाही, किंवा महाविद्यालयात थोडेफार शिकून सोडून दिले, परंतु स्वतःचे एक ॲप तयार करण्याची ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यात एकच ॲप आरंभापासून शेवटपर्यंत उभे करण्याचा मार्ग सांगितला आहे, आणि ते म्हणजे घरी येणाऱ्या दुधाच्या रतिबाचा हिशेब. अनेक मराठी घरांत हा हिशेब आजही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठेवला जातो : खाडा झाला त्या दिवसाच्या चौकटीत फुली, जादा दूध घेतले तर कोपऱ्यात आकडा, आणि महिना संपला की गवळ्यासमोर बेरीज.

हा विषय मी जाणीवपूर्वक निवडला आहे. नवशिक्यांची बहुतेक ॲपे अर्धवट राहतात ती कोड अवघड असतो म्हणून नव्हे, तर ते ॲप नेमके कोण वापरणार हे त्यांना ठाऊक नसते म्हणून, असे माझे मत आहे. रतिबाच्या ॲपची वापरकर्ती तुमच्याच घरात असते, हिशेबाचे नियम ठरलेले असतात, आणि ॲपने काढलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे दिनदर्शिकेवरून दहा मिनिटांत पडताळता येते.

आधी कागद, मग संगणक

संगणक सुरू करण्यापूर्वी गेल्या दोन-तीन महिन्यांची पाने समोर घ्या आणि घरात जी व्यक्ती हा हिशेब ठेवते तिच्याजवळ बसा. दूध सकाळी एकदाच येते की संध्याकाळीही? गायीचे आणि म्हशीचे वेगवेगळे असते का? महिन्याच्या मध्येच भाव वाढला तर काय करतात? सणासुदीला घेतलेले जादा दूध त्याच भावाने धरले जाते का? हे प्रश्न मी माझ्या आईला विचारले, तेव्हा एक गोष्ट माझ्या प्रथमच लक्षात आली : ती रोजची नोंद करतच नाही, नेहमीपेक्षा वेगळे काही घडले तरच लिहिते. मी मनात योजलेल्या ॲपमध्ये मात्र तिला रोज उठून आकडा भरावा लागणार होता, आणि तसे ॲप तिने आठवडाभरही वापरले नसते.

या एका माहितीवरून ॲपची रचना ठरते. ठरलेला रतीब एकदाच सांगायचा, त्यानंतर केवळ खाडा आणि जादा दूध यांची नोंद करायची, आणि उरलेले सर्व दिवस ॲपने स्वतः मोजायचे. पहिल्या आवृत्तीत दिवसातून एकच वेळ आणि एकाच प्रकारचे दूध धरावे. लॉगिन, इंटरनेटवर साठवण, जाहिराती, आलेख, गवळ्यासाठी वेगळे ॲप या कल्पना वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवाव्यात आणि ते पान सध्या उघडू नये.

त्यानंतर मोबाइलच्या आकाराचे तीन कागद कापून त्यांवर पेन्सिलीने स्क्रीन काढा : पहिल्यावर आजची तारीख आणि ‘खाडा’ व ‘जादा’ ही दोन बटणे, दुसऱ्यावर महिन्याच्या चौकटी, तिसऱ्यावर रतीब व भाव ठरवण्याची जागा. हे कागद आईसमोर ठेवून “आज दूध आले नाही, तर कुठे बोट लावशील?” एवढेच विचारा आणि पुढे काही सांगू नका. बोट चुकीच्या जागी गेले, तर ती चूक आत्ता खोडरबराने दुरुस्त होते. कोड लिहून झाल्यावर तिला दोन दिवस लागतात.

साधनांची निवड

अँड्रॉइडसाठी कोटलिन ही भाषा, जेटपॅक कंपोज ही स्क्रीन रचण्याची पद्धत आणि अँड्रॉइड स्टुडिओ हे विनामूल्य साधन घ्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. कोटलिन ही जेटब्रेन्स या कंपनीने तयार केलेली भाषा असून गूगलने तिला २०१७ मध्ये अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ पासून अँड्रॉइडसाठी तिलाच प्राधान्य दिले. फ्लटर हे साधनही चांगले आहे आणि त्यात एकाच कोडमधून अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींची ॲपे तयार होतात. परंतु आयफोनचे ॲप बांधण्यासाठी शेवटी मॅक संगणक लागतो आणि ते ॲप स्टोअरवर ठेवण्यासाठी ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. आईच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर हा फाटा आज घेण्याचे कारण नाही.

संगणकात निदान ८ जीबी रॅम असावी. १६ जीबी असल्यास काम सुखाने होते. स्टुडिओ आणि त्यासोबतची एसडीके, म्हणजे ॲप बांधण्याची साधनसामग्री, मिळून काही जीबींचे डाउनलोड होते, आणि पहिला प्रकल्प उघडल्यावर ग्रेडल हे बांधणीचे साधन आणखी फाइली आणत बसते. या वेळी संगणक अडकला आहे असे वाटून अनेक जण ते मध्येच बंद करतात. तसे करू नये. खालच्या पट्टीवरची हालचाल थांबेपर्यंत वाट पाहावी.

नवा प्रकल्प घेताना ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ हा साचा निवडा. पॅकेजचे नाव विचारले जाईल तेथे ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ हे तयार नाव तसेच ठेवू नका, कारण प्ले स्टोअर ते स्वीकारत नाही आणि एकदा ॲप प्रसिद्ध झाले की हे नाव बदलता येत नाही. किमान आवृत्ती म्हणून अँड्रॉइड ८.०, म्हणजे विकासकांच्या भाषेत एपीआय २६, घ्यावी. तारखांची नवी आणि सोपी साधने त्या आवृत्तीपासून थेट उपलब्ध आहेत, आणि आपले ॲप तर पूर्णपणे तारखांवरच उभे आहे.

ॲप चालवून पाहण्यासाठी एमुलेटर म्हणजे संगणकावरचा आभासी फोन वापरता येतो, पण कमी रॅमच्या संगणकावर तो फार जड जातो. त्यापेक्षा खरा फोन जोडावा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ येथे जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट लावले की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हा भाग उघडतो; त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करून केबल जोडा आणि फोनवर येणाऱ्या प्रश्नाला होकार द्या. फोन चार्ज होतो आहे पण स्टुडिओत दिसत नाही, असे झाले तर प्रथम केबल बदलून पाहा. काही केबली केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही.

भाषा किती शिकावी

संपूर्ण कोटलिन शिकून मग ॲपला हात घालीन, हा विचार सोडून द्यावा. व्हेरिएबल, फंक्शन, ‘इफ’ आणि ‘व्हेन’च्या अटी, याद्या आणि त्यांवरची आवर्तने, डेटा क्लास, आणि ‘नल’ म्हणजे मूल्यच नसणे ही कल्पना एवढे समजले की पुरे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोटलिन प्लेग्राउंडवर दोन आठवडे रोज तासभर दिला तर इतके येते. सराव म्हणून दिनदर्शिकेवरचा एक महिना यादीच्या रूपात लिहा आणि त्याचे बिल काढणारे फंक्शन तयार करा. त्याचे उत्तर गेल्या महिन्यात गवळ्याला दिलेल्या रकमेशी जुळले, तर ॲपचा गाभा तुमच्या हाती आला. हेच फंक्शन पुढे जसेच्या तसे वापरायचे आहे.

शिकवणीचे व्हिडिओ पाहताना त्यांचे वर्ष अवश्य पाहावे. कंपोजची पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. त्यापूर्वीच्या धड्यांत स्क्रीन एक्सएमएल फाइलींमध्ये रचलेल्या असतात. दोन्ही पद्धती आजही चालतात, पण नवशिक्याने त्या एकत्र केल्या की काहीच उमगत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाला सगळे ॲप लिहून देण्यास सांगणे आता शक्य आहे. मी मात्र त्याचा उपयोग चुकीचा संदेश समजून घेण्यासाठी आणि स्वतः लिहिलेल्या दहा ओळी तपासून घेण्यासाठी करावा असे सुचवतो, कारण पुढे सांगितलेल्या पैशांच्या आणि अंकांच्या चुका वरवर नीटनेटक्या दिसणाऱ्या कोडमध्येही लपून बसतात, आणि ज्याने तो कोड ओळीओळीने समजून घेतलेला नाही त्याला त्या सापडत नाहीत.

स्क्रीन आणि तिची स्मृती

कंपोजमध्ये स्क्रीन म्हणजे एक फंक्शन असते. त्याला माहिती दिली की ते त्या माहितीचे चित्र काढते, आणि माहिती बदलली की चित्र पुन्हा काढते. त्यामुळे ‘खाडा’ बटण दाबल्यावर चौकटीचा रंग तुम्ही बदलायचा नसतो. त्या दिवसाची नोंद बदलायची असते, रंग आपोआप बदलतो. ज्यांनी पूर्वी दुसऱ्या पद्धतीने काम केले आहे त्यांना हा विचार अंगवळणी पडायला वेळ लागतो.

येथे पहिली ठेच लागते ती फोन आडवा केल्यावर. स्क्रीन फिरली की अँड्रॉइड नेहमीच्या मांडणीत ती ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपची समोर दिसणारी खिडकी, मोडून नव्याने उभी करतो, आणि कंपोजच्या ‘रिमेम्बर’ या फंक्शनने जपलेली मूल्ये नाहीशी होतात. अर्धवट भरलेला भाव टिकवायचा असेल तर ‘रिमेम्बर सेव्हेबल’ वापरावे. संपूर्ण महिन्याची माहिती असेल तर ती व्ह्यूमॉडेल या वेगळ्या वस्तूत ठेवावी, जी स्क्रीन फिरल्यानंतरही कायम राहते. प्रत्येक नवी स्क्रीन झाली की फोन दोनदा आडवा-उभा करून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पैसे, मापे आणि मराठी अंक

या भागाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण हिशेबाचे ॲप हिशेबात चुकले तर त्याला अर्थ उरत नाही.

दीड लिटर आणि साडेचौसष्ट रुपये हे आकडे दशांश चिन्हासह ‘डबल’ या प्रकारात साठवण्याचा मोह होतो. परंतु संगणक असे अपूर्णांक द्विमान, म्हणजे ० आणि १ च्या, पद्धतीत ठेवतो आणि ०.१ सारखी साधी संख्याही त्याला अचूक ठेवता येत नाही. तीस दिवसांच्या बेरजेत हा सूक्ष्म फरक कधीतरी वर येतो. म्हणून दूध मिलिलिटरमध्ये आणि भाव पैशांमध्ये, असे दोन्ही पूर्णांकांत ठेवावे. दीड लिटर म्हणजे १५०० आणि ६० रुपये म्हणजे ६००० पैसे. त्यांचा गुणाकार करून १००० ने भागले की ९००० पैसे, अर्थात ९० रुपये मिळतात. भागाकार मात्र रोज करू नये. पाव लिटर दूध साडेचौसष्ट रुपये भावाने १६१२.५ पैशांचे होते, आणि पूर्णांकांच्या भागाकारात तो अर्धा पैसा दररोज गळून पडतो. आधी महिन्याचे सर्व गुणाकार एकत्र करावेत आणि शेवटी एकदाच भागावे.

अशी बेरीज करताना ‘इंट’ या पूर्णांकांच्या नेहमीच्या प्रकाराऐवजी ‘लाँग’ हा मोठा प्रकार घ्यावा, आणि याचे कारण अगदी प्रत्यक्षातले आहे. इंटमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते. एखाद्या चहाच्या टपरीवर रोज १० लिटर दूध ७० रुपये भावाने येत असेल, तर एका दिवसाचा गुणाकार ७ कोटी होतो. तीस दिवसांचे २१० कोटी त्यात मावतात, पण एकतिसाव्या दिवशी बेरीज २१७ कोटी होते, मर्यादा ओलांडली जाते आणि बिल उणे रकमेचे दिसू लागते. एप्रिलमध्ये बरोबर चालणारे ॲप मेच्या शेवटच्या दिवशी बिघडते आणि जूनमध्ये पुन्हा सुधारल्यासारखे दिसते. अशी चूक शोधताना अनुभवी माणूसही दमतो.

दुसरी बाब खास मराठी वापरकर्त्यांची आहे आणि इंग्रजी धड्यांत ती सहसा आढळत नाही. आईने मराठी कीबोर्डवरून ‘१.५’ असे टाइप केले, तर कोटलिनमधील ‘टू-डबल-ऑर-नल’ त्यातून संख्या काढू शकत नाही आणि ‘नल’ देते. पूर्णांक वाचणारे ‘टू-इंट-ऑर-नल’ मात्र देवनागरी अंकही ओळखते. परिणामी ‘२’ चालते आणि ‘१.५’ चालत नाही, आणि आईला वाटते की आपलेच काही चुकले. यावर उपाय सोपा आहे : आलेल्या मजकुरातील प्रत्येक देवनागरी अंकाच्या जागी तोच इंग्रजी अंक ठेवणारे छोटे फंक्शन लिहा आणि कोणतीही संख्या वाचण्यापूर्वी मजकूर त्यातून जाऊ द्या. त्याहून उत्तम म्हणजे टाइप करण्याची वेळच येऊ देऊ नये. पाव, अर्धा, एक, दीड आणि दोन लिटर अशी बटणेच द्यावीत.

याच्या उलट अडचण बाहेर जाणाऱ्या आकड्यांची असते. फोनची भाषा मराठी ठेवली की ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ किंवा जुने ‘सिंपल डेट फॉरमॅट’ आकडे आपोआप देवनागरीत लिहितात. स्क्रीनवर हे शोभून दिसते, आणि ते असावेच. परंतु अशी तारीख मजकूर म्हणून साठवली आणि पुढे कोणी फोनची भाषा इंग्रजी केली, तर एकाच दिवसाच्या दोन वेगळ्या तारखा तयार होतात आणि जुने खाडे सापडेनासे होतात. म्हणून साठवणीत मजकूर नको. १ जानेवारी १९७० पासून किती दिवस झाले ही पूर्णांक संख्या ठेवावी. ‘लोकल डेट’ ही वस्तू ‘टू-इपॉक-डे’ या फंक्शनने ती लगेच देते. मराठी अंक आणि मराठी महिने हे केवळ दाखवण्याच्या क्षणी तयार व्हावेत.

बटणांवरचे व स्क्रीनवरचे सर्व मराठी शब्द कोडमध्ये विखरून न लिहिता ‘स्ट्रिंग्ज’ या फाइलीत एकत्र ठेवावेत. ‘खाडा’ हा शब्द आमच्याकडे रुळलेला आहे. तुमच्या भागात गवळी दुसरा शब्द वापरत असेल तर तोच घ्यावा, आणि एका जागी बदल केला की तो सर्वत्र दिसावा.

नोंदी साठवणे

फोनमध्ये एस्क्यूलाइट हा डेटाबेस असतोच. रूम या लायब्ररीमुळे, म्हणजे तयार कोडच्या संचामुळे, तो कोटलिनमधून सोयीने वापरता येतो. आपल्याला दोनच तक्ते लागतात. पहिल्यात रतीब : कोणत्या तारखेपासून, किती मिलिलिटर, कोणत्या भावाने. दुसऱ्यात बदल : कोणत्या तारखेला, प्रत्यक्ष किती मिलिलिटर, खाडा म्हणजे शून्य. भाव वाढला की पहिल्या तक्त्यातली जुनी ओळ बदलायची नाही, नव्या तारखेची नवी ओळ घालायची. असे केल्याने मागील महिन्यांची बिले जशीच्या तशी राहतात. एकूण रक्कम कोठेही साठवू नये. ती प्रत्येक वेळी या दोन तक्त्यांवरून काढावी. दुसऱ्या तक्त्यात तारीख हीच मुख्य किल्ली करावी, म्हणजे एका दिवसाच्या दोन नोंदी होणारच नाहीत.

रूमचे काम ॲपच्या मुख्य धाग्यावर (मेन थ्रेडवर) करू गेल्यास ते नकार देते आणि ॲप बंद पडते. हा नकार योग्य आहे, कारण मुख्य धागा स्क्रीन हलती ठेवण्यासाठी असतो. डेटाबेसची फंक्शने ‘सस्पेंड’, म्हणजे मुख्य धागा अडवून न ठेवता थांबू शकणारी, म्हणून लिहावीत आणि व्ह्यूमॉडेलमधून बोलवावीत.

ॲप वापरात आल्यानंतर तक्त्यात नवा स्तंभ घालावासा वाटेल, उदाहरणार्थ सकाळ-संध्याकाळचा. त्या वेळी डेटाबेसचा आवृत्ती क्रमांक वाढवून जुन्या तक्त्याचे नव्यात रूपांतर कसे करायचे ते लिहावे लागते. काही धड्यांत याऐवजी ‘फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’ ही एक ओळ सुचवलेली असते. तिने ॲप चालू होते हे खरे, पण आधीच्या सर्व नोंदी पुसून. दुसऱ्याने विश्वासाने भरलेल्या तीन महिन्यांच्या नोंदी पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती ओळ लिहू नये.

अडले तर

ॲप अचानक बंद पडले की स्टुडिओतील लॉगकॅट, म्हणजे फोनवरचे संदेश दाखवणारा भाग, उघडा आणि लाल मजकुरात ‘कॉज्ड बाय’ या शब्दांनी सुरू होणारी शेवटची ओळ शोधा. त्याखाली तुमच्या स्वतःच्या फाइलीचे नाव आणि ओळ क्रमांक जेथे प्रथम दिसेल, तेथून तपास सुरू करा. आणि पहिल्या दिवसापासून गिट, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारे साधन, वापरा. काम चालू अवस्थेत आले की लगेच कमिट करा, म्हणजे त्या अवस्थेची नोंद करून ठेवा, म्हणजे रात्री केलेला प्रयोग फसला तरी सायंकाळचे चालणारे ॲप परत मिळते.

आईच्या फोनवर

एपीके, म्हणजे फोनवर बसवता येणारी ॲपची फाइल, तयार करून ती थेट फोनवर टाकता येते; फोन अनोळखी स्रोताबद्दल परवानगी मागतो. त्यापूर्वी सहीची किल्ली नीट समजून घ्या. प्रत्येक ॲपवर एका किल्लीची डिजिटल सही असते, आणि नवी आवृत्ती त्याच किल्लीने सही केलेली असेल तरच जुन्यावर बसते. स्टुडिओतून नेहमी चालवलेल्या ॲपवर त्या संगणकापुरती तात्पुरती किल्ली असते. संगणक बदलला की ती बदलते, जुने ॲप काढून टाकावे लागते आणि त्याबरोबर नोंदीही जातात. म्हणून आईला देण्याचे पहिलेच ॲप स्वतः तयार केलेल्या किल्लीने सही करून द्या. ती फाइल व तिचा पासवर्ड संगणकाबाहेर दोन ठिकाणी जपून ठेवा.

पहिला महिना दिनदर्शिका आणि ॲप दोन्ही चालू ठेवावीत. महिनाअखेरीस तीन आकडे शेजारी मांडा : दिनदर्शिकेचा, ॲपचा आणि गवळ्याचा. फरक आला तर दिवसागणिक तपासून तो कोठे आहे हे शोधा. या महिन्यात आई काय वापरते, काय टाळते आणि कोठे अडखळते ते शेजारी बसून पाहावे, आणि विचारल्याशिवाय मदत करू नये.

प्ले स्टोअर

येथपर्यंत काहीही खर्च आलेला नाही. प्ले स्टोअरवर ॲप ठेवायचे असल्यास नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि ओळख पटवून द्यावी लागते. तेथे एपीके नव्हे तर ॲप बंडल ही वेगळ्या स्वरूपाची फाइल द्यावी लागते, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीचा क्रमांक आधीपेक्षा मोठा असावा लागतो. गोपनीयता धोरणाचा दुवा आणि माहिती-सुरक्षेचा तक्ता हेही अनिवार्य आहेत. आपले ॲप इंटरनेटची परवानगीच मागत नाही आणि नोंदी कोणाकडे पाठवत नाही, त्यामुळे ही उत्तरे प्रामाणिकपणे आणि थोडक्यात देता येतात.

वैयक्तिक खाते १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेले असेल, तर आणखी एक अट आहे : सर्वांसाठी ॲप खुले करण्याची परवानगी मागण्यापूर्वी निदान १२ परीक्षकांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत सामील राहावे लागते. सुरुवातीला हीच संख्या २० होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती कमी करण्यात आली. अनेक जण ही संख्या अनोळखी लोकांकडून कशीबशी भरून काढतात. आपल्याला तसे करण्याची गरज नाही. तुमच्या घरी येणारा गवळी त्याच गल्लीत किंवा सोसायटीत आणखी कोणाकोणाकडे रतीब घालतो हे त्याला विचारा, त्या घरांमध्ये जाऊन आईच्या फोनवरचे ॲप दाखवा, आणि तेथील दिनदर्शिकेवर खाडे कसे लिहिले आहेत तेही पाहून या.